आर्डुइनो उनोमधील ईईप्रॉम : वापरानंतरचे परीक्षण

पंप एकूण किती वेळ चालला याची नोंद वीज गेल्यावरही टिकावी, यासाठी मी आर्डुइनो उनो या छोट्या नियंत्रक बोर्डावरील एटीमेगा ३२८पी या चिपमधील ईईप्रॉम (वीज गेल्यावरही नोंद टिकवणारी मेमरी) आणि तिची लायब्ररी (ती वापरण्यासाठीच्या तयार आज्ञांचा संच) वापरली. ही मेमरी १,०२४ बाइटांची असून प्रत्येक जागा १,००,००० वेळा पुसून लिहिता येते, असे उत्पादक सांगतो. वाचण्यावर मात्र मर्यादा नाही.

आकडा मोठा वाटतो, पण पंप अखंड चालू असताना दर मिनिटाला एकाच जागी नोंद केली, तर ही मर्यादा ६९ दिवसांत गाठली जाते. 'लूप'मध्ये, म्हणजे सतत फिरत राहणाऱ्या कोडमध्ये, नुसते 'राइट' (लिहिण्याची आज्ञा) टाकून ठेवले, तर प्रत्येक वेळी सुमारे ३.३ मिलिसेकंद लागत असल्यामुळे त्या एका जागेची मर्यादा साडेपाच मिनिटांत संपू शकते.

लायब्ररीतील 'अपडेट' ही आज्ञा मला मनापासून आवडली. ती आधी जुने मूल्य वाचते आणि फरक असेल तरच लिहिते. एकाहून अधिक बाइटांचे मूल्य लिहिणारी 'पुट'ही आतून तीच वापरते. टाकीची पातळी, पंपाची वेळ अशा क्वचित बदलणाऱ्या सेटिंगसाठी याहून अधिक काही लागत नाही, आणि 'राइट' वापरण्याचे कारणही उरत नाही.

मोजणीच्या बाबतीत मात्र ही सोय अपुरी पडते. चार बाइटांच्या संख्येतील सर्वांत खालचा बाइट प्रत्येक नोंदीला बदलतोच, त्यामुळे वरचे तीन झिजण्यापासून बचावले तरी तो झिजतो. म्हणून ६४ जागा आखून नोंदी एकापुढे एक फिरवाव्या लागतात आणि चिप सुरू होताना त्यांतील सर्वांत मोठी संख्या खरी धरावी लागते. कोऱ्या बाइटांत २५५ असते, म्हणजे कोरी जागाच सर्वांत मोठी ठरते. शिवाय लिहिता लिहिता वीज गेली, तर अर्धवट आकडा मागे राहतो. म्हणून प्रत्येक नोंदीला बेरजेचा एक तपासणी-बाइट जोडावा आणि तो न जुळणारी नोंद सोडून द्यावी. एवढ्याने ३२० बाइट खर्ची पडतात, पण ६९ दिवसांची मुदत सुमारे १२ वर्षांवर जाते. दहा मिनिटांची नोंद हुकलेली चालणार असेल, तर दहा मिनिटांनी एकदाच लिहावे. आयुष्य आणखी दहापट वाढते.

हे काम लायब्ररीने स्वतः करायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. ईएसपी ३२ या दुसऱ्या नियंत्रक चिपच्या 'प्रेफरन्सेस' या लायब्ररीमध्ये लेखन निरनिराळ्या जागांवर वाटण्याची व्यवस्था आधीपासूनच आहे. इथे ती प्रत्येकाने नव्याने रचायची.

सेटिंग आणि संथ मोजणी यांसाठी ही ईईप्रॉम मी निःशंकपणे सुचवेन. दर सेकंदाला नोंद हवी असेल, तर वरील ६४ जागाही ७४ दिवसांतच मर्यादा गाठतात. तिथे एमबी ८५आरसी २५६व्ही ही एफरॅम (वीज गेल्यावरही टिकणारी, फार जास्त वेळा लिहिता येणारी मेमरी) चिप आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवर जोडावी, कारण तिचा प्रत्येक बाइट एक लाख कोटी वेळा वापरता येतो. मात्र त्या हिशेबात वाचणेही धरलेले असते.