उंदराचा मेंदू आणि फोटोअकॉस्टिक यंत्र : आठ महिन्यांनंतर

सुरुवातीलाच सांगतो, कारण यंत्र दाखवायला येणारे यावरून पटकन पुढे सरकतात: या यंत्राच्या प्रतिमेत दिसतं ते रक्त, चेतापेशी नाहीत. लेझरचा काही नॅनोसेकंदांचा झोत हिमोग्लोबिन शोषतं, जरासं तापतं, फुगतं आणि त्यातून उठलेली अल्ट्रासाउंड लहर आपण टिपतो. उंदराची मिशी हलवली की मेंदूच्या विरुद्ध बाजूला रक्त वाढतं, तेही सेकंद-दोन सेकंद उशिरा. या तंत्रावर काम करणारे संशोधक लिहाँग वांग यांच्या गटाने २००३ मध्ये हे रॅटवर (मोठ्या जातीच्या उंदरावर), कवटीला हात न लावता दाखवलं. आम्हाला जमायला अडीच महिने लागले.

त्यातले पाच आठवडे एका मूर्खपणात गेले. प्रत्येक शिरेशेजारी तिची भुतासारखी जुळी बहीण दिसायची. आम्ही लेझरवर संशय घेतला, सेन्सर उघडून बसलो. दोष निघाला पाण्यात, ज्यातून ती लहर सेन्सरपर्यंत येते. प्राण्याला ऊब मिळावी म्हणून टाकी ३७ अंशांवर ठेवलेली आणि सॉफ्टवेअरमध्ये ध्वनीचा वेग मात्र २० अंशांचा, म्हणजे सेकंदाला १४८२ मीटर. ३७ अंशांना तो १५२४ च्या आसपास असतो. आकडा बदलला, जुळ्या गायब. त्या दिवशी कोणी कोणाशी फारसं बोललं नाही.

ध्वनी नीट पोचावा म्हणून त्वचेवर लावायच्या जेलमधले बुडबुडे हा दुसरा छळ. आता जेल सेंट्रिफ्यूजमधून फिरवूनच लावतो. काळ्या उंदराचे केस नीट काढले नाहीत तर केसांतलं काळं रंगद्रव्य, मेलॅनिनच एवढं ओरडतं की खालचं काही ऐकू येत नाही.

भुलेचं प्रकरण सगळ्यात नाजूक. आयसोफ्लुरेन या भुलेच्या औषधाने रक्तवाहिन्या आधीच पसरतात. प्रमाण किंचित वाढलं की मिशी कितीही हलवा, आलेख ढिम्म. ऑक्सिजनचं प्रमाण दोन तरंगलांबींवरून काढतो. त्यातला चढउतार मी मानतो, खोलवरची टक्केवारी नाही, कारण दोन्ही रंगांचा प्रकाश वाटेत सारखा विझत नाही. सरळ खाली जाणाऱ्या शिरा आमच्या सेन्सरला जवळजवळ दिसतच नाहीत.

तरीही कॉर्टेक्समधल्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या रक्तवाहिन्या कवटी न उघडता, कुठलाही रंग न टोचता इतक्या स्पष्ट दिसतात की रागावून उठलेला माणूस पुन्हा खुर्चीत बसतो. गेल्या महिन्यापासून भूल न देता, डोकं स्थिर धरून प्रयोग करतोय. आता उंदीर दात चावतो आणि अख्खी प्रतिमा थरथरते.