व्हिएन्तियान ते लुआंग प्राबांग : लाओस-चीन रेल्वेचा प्रवास

आधी निकाल सांगते. लाओसला जाणार असाल तर या गाडीने जाच. प्रवासी म्हणून माझे पाचपैकी पाच तारे. बाकी जे बोलायचे आहे ते गाडीबद्दल नाही, तिच्या हिशेबाबद्दल आहे.

मी रत्नागिरीची, भूगोलाची निवृत्त शिक्षिका. सोबत नणंद होती. लाओसला समुद्र नाही, हे वर्षानुवर्षे फळ्यावर नकाशा काढून शिकवले. पण ज्या देशाला बंदर नाही त्याला रूळ म्हणजे काय, हे इथे बसल्यावर पटले. 3 डिसेंबर 2021 ला ही रेल्वे सुरू झाली. त्याआधी अख्ख्या देशात लोहमार्ग होता तो थायलंडच्या नोंग खायहून मेकाँगच्या पुलावरून आलेला, जेमतेम साडेतीन किलोमीटरचा.

आता राजधानी व्हिएन्तियानहून लुआंग प्राबांगला दोन तासांच्या आत पोचतो. डोंगरातल्या रस्त्याने याच प्रवासात अख्खा दिवस जायचा. गाडी विजेवर चालते, वेग ताशी 160 किलोमीटर. डबा स्वच्छ, खिडक्या मोठ्या, घोषणा लाओ, चिनी आणि इंग्रजीत. वांग व्हिएंगच्या आसपास चुनखडीचे सुळके एकदम उभे राहतात, तेव्हा डबाभर मोबाइल वर होतात. पण बघून होईतो बोगदा! लाओसमधल्या सुमारे 420 किलोमीटरच्या मार्गात 75 बोगदे आहेत, म्हणजे जवळपास निम्मी वाट डोंगराच्या पोटातून. आमच्या कोकण रेल्वेला नव्वदच्या वर बोगदे आहेत, पण ते 740 किलोमीटरमध्ये मिळून 84 किलोमीटरच भरतात. कोकणातले डोंगर फोडताना काय काय झाले ते आम्ही जवळून पाहिले आहे, म्हणून इथल्या कामगारांना मनापासून नमस्कार करावासा वाटला. त्यातून ही जमीन अमेरिकन बॉम्बफेकीत भाजलेली. रूळ टाकण्याआधी न फुटलेले बॉम्ब शोधून काढावे लागले.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तिकिटाला आणि स्टेशनात शिरायला पासपोर्ट लागतो. सामानाची तपासणी विमानतळासारखी होते. चाकू, स्प्रेचे डबे नेऊ नका, डासांसाठी मलम घ्या. व्हिएन्तियान आणि लुआंग प्राबांगची स्टेशने शहरांपासून दहा किलोमीटरहून लांब आहेत, पुढे व्हॅन किंवा टुकटुक करावी लागते. लुआंग प्राबांगच्या जुन्या गावाला, 1995 पासूनच्या जागतिक वारशाला, याचा फायदाच झाला असे मला वाटते. रस्त्याकडेच्या माणसाचे मात्र काय? फलाटावर गाडीच्या वेळेलाच सोडतात, त्यामुळे चिकट भात विकणारी बाई डब्याच्या खिडकीशी येऊच शकत नाही. रत्नागिरी स्टेशनावरच्या वडापावाने किती घरे चालतात ते मला माहीत आहे.

आता हिशेब. सुमारे 6 अब्ज डॉलरचा प्रकल्प; रेल्वेच्या कंपनीत चीनचा वाटा 70 टक्के, लाओसचा 30. बराचसा पैसा चिनी कर्जाचा, आणि लाओसच्या परकीय कर्जातला जवळपास निम्मा भाग आधीच चीनचा आहे. तरीही हा करारच चुकला असे मी म्हणणार नाही. चीनमधल्या कुनमिंगपर्यंत 1,035 किलोमीटरचा मार्ग सलग आहे, एप्रिल 2023 पासून प्रवाशांना सरहद्द ओलांडून थेट जाता येते, आणि मालगाड्यांतून रबर, खनिजे, थायलंडची फळे उत्तरेला जातात. माझे म्हणणे एवढेच की मालगाडीत लाओसचा कच्चा माल भरण्यापेक्षा लाओसमध्ये तयार झालेला माल जास्त भरला गेला पाहिजे. तसे झाले तरच कर्ज फिटेल. त्यासाठी स्टेशनांलगत गोदामे, शीतगृहे, छोटे कारखाने हवेत आणि त्यात स्थानिक माणसे हवीत.

थायलंडकडची बाजू अजून अर्धवट आहे. तिकडे दोन रुळांमधले अंतर एक मीटर, इकडे 1,435 मिलिमीटर, त्यामुळे व्हिएन्तियानला प्रत्येक कंटेनर उचलून दुसऱ्या गाडीवर ठेवावा लागतो. जुलै 2024 पासून बँकॉकची प्रवासी गाडी थेट व्हिएन्तियानला येते, तीही निराळ्या स्टेशनावर. दोन्ही गाड्या एकाच दिवशी पकडायच्या असतील तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.