घरी वापरायचं डॉपलर यंत्र : साडेतीन महिने वापरल्यावर

५ पैकी २ तारे. दोन्ही तारे आवाजाचे. उरलेले तीन का कापले ते सविस्तर लिहितो, कारण पोटातल्या बाळाचे ठोके ऐकवणारं हे यंत्र मागवणारे बहुतेक जण माझ्यासारखेच असणार. बायकोला बाळ हललेलं कळायला लागलंय, आपल्या हाताला काहीच लागत नाही, आणि रात्री बारा वाजता मोबाईलवर शोधता शोधता हे यंत्र समोर येतं.

मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. डॉपलर परिणाम दरवर्षी अकरावीच्या फळ्यावर काढतो, त्यामुळे या यंत्राचं नाव वाचूनच मला त्याच्यावर भरवसा वाटला. आमचं हे पहिलंच बाळ. विसावा आठवडा संपता संपता एका संध्याकाळी ही भाकरी थापता थापता थांबली, पिठाचा हात तसाच वर धरला आणि म्हणाली, "मासोळी वळल्यागत झालं ओ पोटात." मी धावत जाऊन हात ठेवला. काहीच नाही. पुढचे आठ दिवस हेच. तिचा चेहरा बदलायचा, मी हात न्यायचो, तोवर सगळं शांत. शेवटी २,६०० रुपये भरून यंत्र मागवलं.

खोक्यात हातात मावणारं यंत्र, वायरने जोडलेला, पोटावर फिरवायचा प्रोब, हेडफोन आणि जेलची बोटभर बाटली. जेल आठ दिवसांत संपलं, वेगळं आणावं लागलं. वायर आखूड आहे. माहितीपुस्तिका बारीक इंग्रजीत, मराठीत एक ओळ नाही. खोक्यावर ठळक अक्षरांत 'बाराव्या आठवड्यापासून' असं छापलंय. हाच दावा वाचून किती जणी बाराव्या-तेराव्या आठवड्यात आवाज सापडत नाही म्हणून रडल्या असतील, याचा विचार करून मला राग येतो. इतक्या लवकर घरच्या यंत्रावर ठोके सापडतीलच असं नसतं, आणि सापडले नाहीत म्हणजे काही बिघडलंय असंही नसतं.

पहिल्या रात्री खोलीतला पंखा बंद केला, जेल लावलं. आधी नुसता वारा सुटल्यासारखा आवाज. मग एक लय सापडली आणि पडद्यावर आकडा आला : ८४. बाळाचे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० असतात हे मी वाचलेलं होतं. हिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी काही बोललो नाही, पण तिला कळलं. रात्रभर दोघांचा डोळा लागला नाही.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर. तिथल्या सिस्टरनी यंत्र हातात घेतलं, दुसऱ्या हाताने हिचं मनगट धरलं आणि मला म्हणाल्या, "सर, ही नाडी मोजा." ८४. म्हणजे रात्रभर आम्ही आईचीच नाडी ऐकत होतो. सिस्टरनी प्रोब बेंबीच्या खाली नेला, थोडा तिरका केला, आणि लांबच्या विहिरीवर डिझेल इंजिन चालू असावं तसा टक-टक-टक आवाज आला. १४८. ही हसली. मला तिथेच खुर्चीवर बसावं लागलं.

जे मी वर्गात शिकवतो तेच मी घरी विसरलो होतो. यंत्र ध्वनीच्या अतिउच्च वारंवारतेच्या लहरी आत सोडतं, माझ्या यंत्रावर ३ मेगाहर्ट्झ लिहिलंय. हलणाऱ्या गोष्टीवर आपटून त्या परत येतात तेव्हा वारंवारता बदललेली असते, आणि त्या फरकाचा आवाज करून यंत्र आपल्याला ऐकवतं. स्टेथोस्कोपमध्ये येतो तसा हा हृदयाचा स्वतःचा आवाज नव्हे. आत जे काही हलतं त्या सगळ्याचा आवाज यात येतो : आईची रक्तवाहिनी, वारेतलं (प्लासेंटातलं) रक्त, बाळ. त्यातलं कुठलं कोणाचं, हे शिकलेल्या हातालाच कळतं. पुस्तिकेत मनगटाची नाडी मोजून बघा एवढं एक वाक्य असतं तरी आमची ती रात्र वाचली असती.

(आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी ठोक्यांवरून मुलगा की मुलगी ते सांगायला सुरुवात केली. ठोक्यांवरून काही कळत नाही, आणि कुठल्याही मार्गाने ते शोधणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. यंत्र त्यासाठी घेत असाल तर कृपा करून घेऊ नका.)

त्या दिवशी डॉक्टरांना मी मनातलं विचारूनच टाकलं : माझ्या हाताला कधी लागणार? मॅडमनी आधी सोनोग्राफीचा रिपोर्ट काढला. वार गर्भाशयाच्या पुढच्या बाजूला आहे, म्हणजे बाळाच्या आणि तुमच्या तळहाताच्या मध्ये एक उशी आहे, म्हणाल्या. आईला बाळ आतून कळतं ते बहुधा सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्याच्या दरम्यान, पहिलटकरणीला बऱ्याचदा विसावा उलटल्यावर. बाहेरून हाताला लागायला बाळाच्या पायात तेवढा जोर यावा लागतो, त्यामुळे नवऱ्याचा नंबर नंतर लागतो. कुणाला विसाव्यात, बऱ्याच जणांना चोविसाव्याच्या आसपास, वार पुढे असेल तर आणखी थोडं थांबावं लागतं. संध्याकाळी जेवण झालं की तिला डाव्या कुशीवर निजू द्या, तळहात सपाट ठेवा, दाबू नका, आणि उचलू नका. बाळ मध्ये मध्ये झोपतं, वीस मिनिटं, कधी चाळीस मिनिटं. तुम्ही दोन मिनिटांत हात काढता, म्हणाल्या. खरंच काढत होतो.

मार्चअखेर गावी गेलो होतो. औसा तालुक्यात आमचं गाव. उकाड्यामुळे सगळे गच्चीवर झोपलेले. पंचविसावा आठवडा चालू होता. ही डाव्या कुशीवर, माझा हात पोटावर, मी आकाशाकडे बघत पडलेलो. पाऊण तास झाला असेल, हात अवघडून मुंग्या आल्या होत्या. आणि करंगळीच्या खाली, आतून, टिचकी मारावी तसं एकदा लागलं. मला वाटलं माझीच नाडी. मग परत, त्याच जागी, जरा जोरात. "आता लागलं का?" ही कुजबुजली. माझ्या तोंडून शब्द फुटेना. यंत्रावर १४८ शंभरदा ऐकलं होतं. पण ते टिचकीसारखं लागलं ना, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आत कुणीतरी आहे आणि ते माझ्याकडे आलंय.

सकाळी आईला यंत्र दाखवलं. तिनं ते उलटसुलट केलं, खाली ठेवलं, आणि जे तिनं इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा मी तिच्या पोटात सहाव्या महिन्याचा होतो. माळवदाची भिंत पडली, काकू त्याच भिंतीखाली गेल्या. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आईला आणि ताईला ओढून रानात नेऊन बसवलं. "उजाडलं, ऊन वर आलं, तरी तू हालनास. तुझ्या अण्णानं पोटावर हात ठिवला तो काढलाच न्हाई. लोकं बोलवायलेती, ह्यो माणूस उठना. मग लाथ मारलीस. आरं, त्यास्नी रडताना मी तेवढंच बघितलं." अण्णा शेजारी बसून बैलाला वेसण करत होते. वर बघितलं नाही त्यांनी.

आता तीन तारे कापण्याचं खरं कारण. मे महिन्यात, बत्तिसाव्या आठवड्यात, दुपारी ही म्हणाली, "सकाळपासून रोजच्यासारखं हालायलं नाही बगा." मी यंत्र लावलं. १४२. स्वच्छ आवाज. मी म्हणालो, झोपलंय, ठोके बरोबर आहेत, बघूया संध्याकाळी. ही गप्प पडून राहिली. दीड तासाने स्वतःच उठली आणि चप्पल घालून दारात उभी राहिली. रिक्षात मी तिला परत आकडा सांगत होतो, याची मला आजही टोचणी आहे.

दवाखान्यात पोटाला पट्टे बांधून वीस-पंचवीस मिनिटं एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख, काढली. कागदावर बाळ हललं की ठोके वर चढत होते. सगळं ठीक होतं. मग मॅडम माझ्याशी बोलल्या, आणि चांगलंच बोलल्या. एका क्षणी ठोके ऐकू आले याचा अर्थ त्या क्षणी ठोके आहेत एवढाच. बाळाला आत त्रास असेल तर आधी हालचाल कमी होते, ठोके त्यानंतरही बराच वेळ नीट ऐकू येऊ शकतात. घरच्या यंत्राने पालकांना धीर मिळतो आणि नेमका तेव्हाच वेळ जातो. हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, थांबली, किंवा तिची तऱ्हा बदलली, तर आकडा बघायचा नाही, उद्यापर्यंत थांबायचं नाही, निघायचं. मनात शंका असेल तर डाव्या कुशीवर निजून नुसती हालचाल मोजा, दोन तासांत दहा भरल्या नाहीत तर या, आणि हिला नुसतं बरं वाटत नसेल तर मोजत न बसता या. "शेवटच्या महिन्यात बाळ शांत होतं" असं आमच्याकडे सर्रास म्हणतात, तेही त्यांनी खोडून काढलं. जागा कमी झाल्याने हलण्याची तऱ्हा बदलते, हलणं कमी होत नाही.

एवढी महत्त्वाची गोष्ट पुस्तिकेत कुठेही नाही. मी सगळी पानं परत वाचली. बॅटरी कशी बदलायची याची दोन चित्रं आहेत.

ज्यांना घ्यायचंच आहे त्यांनी दवाखान्यातल्या सिस्टरसमोर एकदा लावून शिकून घ्या, आणि हालचालीबद्दल शंका आली त्या दिवशी यंत्राला हातही लावू नका. माझं यंत्र आता कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे. अकरावीची मुलं आली की प्रोबवर जेल लावून त्यावर बोट मागेपुढे सरकवलं की आवाज कसा बदलतो ते दाखवणार आहे.

सध्या छत्तिसावा आठवडा चालू आहे. मिरगाचा पाऊस झालाय, रात्री गारवा असतो. साडेनऊला जेवणं झाली की माझा हात तिथे असतो. आता टिचक्या नाहीत. उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली, टाच असावी असं काहीतरी टणक सरकतं, थांबतं, मी तिथे बोट ठेवलं की आत जातं. परवा उचकी लागली होती त्याला, सहा-सात मिनिटं, एका लयीत. ही झोपली होती. मी एकटाच मोजत बसलो.