जरीच्या साडीला कव्हर कोणतं: खिडकीचं, प्लास्टिकचं की मांजरपाटाचं?

साडी कव्हर म्हणून सध्या जे सगळीकडे खपतं, त्याची एक बाजू नॉन-वोव्हनची असते, पुढे पारदर्शक खिडकी आणि कडेने चेन. सहा किंवा बारा नगांच्या संचात मिळतं. सुती, सिंथेटिक, रोज नेसायच्या साड्यांसाठी खुशाल घ्या. धूळ बसत नाही, कपाट आवरलेलं दिसतं, हवी ती साडी पटकन सापडते. पैठणी, शालू, कांजीवरम अशा जरीच्या रेशमी साड्यांसाठी मात्र ते घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. जरीची तार एकदा काळवंडली की घरच्या घरी तिला पूर्वीची झळाळी आणता येत नाही.

आधी कव्हर कशाचं आहे ते बघू. नॉन-वोव्हन दिसायला कापडासारखं असलं तरी ते विणलेलं नसतं. पॉलिप्रॉपिलिनचे, म्हणजे प्लास्टिकचेच, तंतू उष्णतेने एकमेकांना चिकटवून ते बनवतात. त्यातून हवा खेळते, ही जमेची बाजू. पण ते ओलावा शोषत नाही. सुती कापड पावसाळ्यात थोडा दमटपणा स्वतःत घेतं आणि हवा कोरडी झाली की सोडून देतं. नॉन-वोव्हनला हे जमत नाही. शिवाय काही वर्षांनी, विशेषतः उजेड लागत असेल तर, ते ठिसूळ होतं. हाताने चोळल्यावर भुसा पडायला लागला की ते टाकायचंच, नाहीतर तोच भुसा जरीत अडकून बसतो.

खरी अडचण खिडकीची. ती बहुतेक वेळा पीव्हीसीची असते. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. उन्हाळ्यात बंद कपाटात ते हळूहळू बाहेर येतं आणि खिडकी चिकट होते. साडीची वरची घडी नेमकी तिलाच टेकलेली असते आणि बहुतेक वेळा त्या घडीवर पदर असतो, कारण दिसायला तोच हवा असतो. म्हणजे साडीचा सगळ्यात मोलाचा भाग सगळ्यात वाईट जागी. विकत घेताना नाकाजवळ धरून बघा. नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला तर रेशमासाठी ते बाद.

चेनकडे कोणी फारसं बघत नाही. रनर धातूचा असेल तर कोकणात, मुंबईत दोन पावसाळ्यांत गंजतो, आणि गंजाचा डाग रेशमावरून काढणं फार अवघड. रनर प्लास्टिकचा असला तरी काठाची जर दात्यात अडकून दोरा ओढला जातो. नऊवारीच्या बाबतीत तर हमखास. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्याची घडी सहावारीच्या मापाच्या कव्हरात बसवायला दाबावी लागते आणि दाबूनच चेन लावावी लागते.

दहा-पंधरा साड्या एकत्र मावणारी उभी कव्हरंही मिळतात. जरीसाठी त्यांचा विचारच नको. तळच्या साडीवर वरच्या सगळ्यांचं वजन येतं, घडी धारदार होते आणि जरीचा दोरा नेमका तिथेच तुटतो. तीन-चार साड्यांपेक्षा जास्त थर चढवू नये.

आता जर काळी का पडते ते. अस्सल जरीत रेशमाच्या दोऱ्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा दिलेला असतो. हवेतला गंधक चांदीला लागला की काळा थर धरतो. आज बऱ्याच साड्यांत तांब्याच्या तारेची जर असते. तिला दमटपणा लागला की आधी लालसर, मग हिरवट छटा येते. प्लास्टिक जर मात्र अशी काळवंडत नाही, तिचा चमकता थर इस्त्रीने आणि घासण्याने जातो. म्हणून खरेदी करतानाच जर कोणती आहे ते विचारून घ्यावं.

गंधक घरात येतो कुठून? घडी सुटू नये म्हणून लावलेल्या रबर बँडमधूनही. दुकानातून आल्याबरोबर तो काढायचा. आतला पुठ्ठाही काढायचा, आणि वर्तमानपत्राचा कागद कधीच घालायचा नाही. त्यात आम्ल असतं आणि शाईही उतरते.

पूर्ण प्लास्टिकची पिशवी, म्हणजे साडी ज्या पिशवीतून घरी येते ती, फक्त प्रवासापुरती. साडीत राहिलेला घामाचा ओलसरपणा आत कोंडतो आणि बुरशीला आयतं घर मिळतं.

जरीसाठी विकत घ्यायचं तर सर्वात चांगलं आवरण म्हणजे मांजरपाट. बिनरंगी, बिनब्लीचचं, साध्या विणीचं सुती कापड. पोथ्या बासनात, म्हणजे कापडात, बांधत, तसंच. घरात जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं पांढरं धोतर असेल तर ते मांजरपाटाहूनही सरस. रंगीत कापड नको, दमटपणात रंग उतरू शकतो.

कोरं मांजरपाट तसंच वापरायचं नाही, हे फार महत्त्वाचं. त्याला खळ असते आणि खळीवर कसर येते. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी कडकडीत पाण्यात थोडी साबणाची पूड घालून धुवा, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत, किमान तीनदा, खळबळून घ्या. नीळ, स्टार्च, फॅब्रिक सॉफ्टनर काहीही नको. उन्हात खडखडीत वाळवा. या धुण्यात कापड ५ ते ८ टक्के आटतं, म्हणून कापायचं ते धुतल्यानंतरच.

३६ इंच पन्ह्याच्या सव्वा मीटर कापडात दोन पिशव्या होतात. प्रत्येकी साधारण १५ इंच रुंद, १८ इंच खोल, वर ६ इंचांचं झाकण. बंद करायला सुती नाडी; टिचबटण, वेल्क्रो, चेन काही नको. शिवायचा कंटाळा असेल तर सहावारीला एक वार लांबीचा चौकोन पुरतो, चारही बाजू दुमडून घ्यायच्या. नऊवारीला सव्वा मीटर लांबी घ्या.

आत काय आहे ते दिसत नाही, ही मांजरपाटाविरुद्धची तक्रार खरी आहे. उपाय सोपा: ब्लाउजपीसमधून दोन इंचांची चिंधी कातरून झाकणावर एका टाक्याने अडकवा. पिशवी धुताना ती काढून ठेवायची. पेनाने नाव लिहू नका.

कव्हर कितीही चांगलं असलं तरी साडी आत जाताना कोरडी हवी. नेसून आल्यावर तीन-चार तास पंख्याखाली, सावलीत पसरून ठेवा. फॉलजवळ बोट लावून बघा. तिथे कापड दुहेरी असल्याने ओल सर्वात शेवटी जाते. अत्तर, स्प्रे साडीवर मारलेला असेल तर आणखी एक रात्र. भरजरी साडी हँगरवर टांगून ठेवू नये, जरीच्या वजनाने रेशीम ताणतं. घड्यांमध्ये मलमलची सैलसर गुंडाळी घातली तर मोड धारदार होत नाही. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घालायची. त्यातल्या दोन वेळा ठरलेल्या असाव्यात, मे अखेरीस पावसाआधी आणि ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाळ्यात.

डांबराच्या गोळ्यांबद्दल कडक बोलावं लागेल. त्या कव्हराच्या आत टाकणं चूक. त्यांची वाफ गार जागी पुन्हा घट्ट होऊन कापडावर बसते. डांबर आणि कापूर एकाच पुरचुंडीत ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. हे दोन्ही एकमेकांना लागले की उन्हाळ्यात पाझरायला लागतात आणि डाग पडतो. बाळाच्या कपड्यांजवळ तर डांबर गोळ्या अजिबात नकोत. जी-सिक्स-पीडी या, तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटू शकतात. वेखंडाचे वाळके तुकडे पातळ फडक्यात बांधून कप्प्याच्या कोपऱ्यात ठेवा, साडीला टेकू देऊ नका, वर्षाने बदला. वेखंड किडीला मारत नाही, दूर ठेवतं. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर हातात चुरा होईल इतका वाळलेला हवा.

सिलिका जेलच्या पुड्या मांजरपाटाच्या पिशवीत घालण्यात अर्थ नाही. पिशवी श्वास घेते, त्यामुळे पुडी सगळ्या खोलीतला ओलावा ओढत बसते. ओल ओढणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे चालतात, पण ते कपाटाच्या तळाशी, कपड्यांच्या खाली ठेवायचे. डब्यात साठणारं खारं पाणी साडीवर सांडलं तर ती साडी गेली म्हणून समजा. आणि कपाट ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं असेल तर आधी दोन-तीन इंच पुढे ओढा, डबा नंतर आणा.

खिडकीची कव्हरं आधीच घरात असतील तर फेकू नका. खिडकी कापून त्या जागी धुतलेल्या मांजरपाटाचा तुकडा शिवा, रनर धातूचा असेल तर प्लास्टिकचा बसवून घ्या, आणि ती सुती साड्यांना वापरा.