पीसीचा मदरबोर्ड गेला नव्हता, आतला सेल संपला होता (जळगाव, गोलाणी मार्केट)

आमचं अमळनेरला बी-बियाणं आणि खतांचं दुकान. मेअखेर म्हणजे कपाशीच्या बियाण्याची झुंबड, आणि नेमका तेव्हाच काउंटरवरचा पीसी बसला. आधी काळ्या स्क्रीनवर 'सीमॉस चेकसम एरर, एफ-वन दाबा'. दाबलं की विंडोजचा लोगो, मग निळी स्क्रीन, 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस', की पुन्हा रिस्टार्ट. गावातल्या एकाने डबा न उघडताच निकाल दिला, "बोर्ड गेला. डिस्कचंही सांगता येत नाही." गिऱ्हाइकांची सगळी उधारी त्याच डिस्कवर! सीपीयू गोणपाटात गुंडाळला आणि भुसावळकडची गाडी धरून जळगाव गाठलं.

गोलाणी मार्केटमधलं हे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान एवढंसं, बसायला एकच स्टूल. मालकांनी "काय जयं, भाऊ?" विचारत डबा मॉनिटरला जोडला. पेचकस लगेच हातात घेतला नाही. एरर नीट वाचली, बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारं, बोर्डाच्या सेटिंगचं पान) उघडलं आणि तारीख दाखवली: २००९. बोर्डावर सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल असतो, लाइट नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. आम्ही रोज दुकान वाढवताना मेन स्विच पाडतो, म्हणजे रात्रभर सगळा भार त्या सेलवर. तो संपला आणि बायोस कंपनीच्या मूळ सेटिंगवर गेलं. आमच्या जुन्या बोर्डात त्यामुळे साटा मोड, म्हणजे बोर्डाची डिस्कशी बोलायची पद्धत, 'एएचसीआय'चा 'आयडीई' झाला होता. विंडोज टाकलेलं एएचसीआयवर, मग त्याला स्वतःचीच डिस्क सापडेना.

नवा सेल, तारीख-वेळ, साटा मोड परत एएचसीआय, बूट ऑर्डरमध्ये हार्डडिस्क पहिली, एफ-टेन दाबून सेव्ह. विंडोज आलं, टॅली उघडली, उधारी जिथल्या तिथे. (काही देणेकऱ्यांना हे ऐकून वाईट वाटेल.) मी पैसे काढले तर म्हणाले, थांबा. वायर काढून चहा होईपर्यंत डबा तसाच ठेवला, पुन्हा लावून तारीख टिकल्याची खात्री केली, मगच पैसे घेतले. सेल आणि मजुरी धरून २०० रुपये. बायोसच्या पानांचे फोटोही मोबाइलमध्ये काढून ठेवायला लावले.

नवा लॅपटॉप नेणार असाल आणि त्यात बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल, तर रिकव्हरी की आधी लिहून न्या. बायोसमध्ये काही बदललं की चालू होताना ती मागू शकतो, आणि तिच्यावाचून दुकानदाराचाही इलाज चालत नाही.

एक स्टार कापलाय. फोन उचलत नाहीत, बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि दुपारी जेवायला शटर पाडतात ते कधी उघडेल याचा नेम नाही. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी सकाळच्याच गाडीने या.