दाखवलेली क्लच प्लेट माझ्या गाडीची नव्हतीच

रिबिटापर्यंत, म्हणजे वरचं लायनिंग जखडणाऱ्या खिळ्यांपर्यंत, घासलेली क्लच प्लेट कोणी हातात ठेवली की वाद घालायला काही उरत नाही. काही गॅरेजवाले याच गोष्टीवर धंदा करतात. कोल्हापुरात माझ्याकडून साडेचौदा हजार काढले ते अशाच एका प्लेटच्या जोरावर. जुनी डिझेल पिकअप ओढणाऱ्यांनी वाचावं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गाडी माझी आणि मीच चालवतो. सीझनला रत्नागिरीकडून आंबा घाट चढून कोल्हापूरला पेट्या पोचवायच्या. एप्रिलमध्ये मार्केटात माल उतरवला आणि निघताना पहिला गिअर पडेना. रिव्हर्सला करकर आवाज. पेडल दोन-तीनदा भराभर मारलं की मात्र गिअर मुकाट पडायचा. जवळच्या गॅरेजात नेली. मिस्त्री गाडीखाली वाकलासुद्धा नाही. "मालक, प्लेट गेली. फुल सेट टाकावा लागंल. तशीच घाटात घातली तर तिथंच बसंल." दुसऱ्या दिवशी बागेतला माल उचलायचा होता, त्यामुळे हो म्हणण्यावाचून इलाज नव्हता. संध्याकाळी त्याने ती घासलेली प्लेट समोर टाकली आणि साध्या वहीच्या कागदावर 'क्लच सेट, फ्लायव्हील फेसिंग, मजुरी' असं लिहून खाली एकच आकडा मांडला. (सेट म्हणजे प्लेट, तिला दाबणारी प्रेशर प्लेट आणि बेअरिंग. फेसिंग म्हणजे प्लेट ज्यावर टेकते ते इंजिनचं जड चाक, फ्लायव्हील, लेथवर सपाट करणं.) गिअर लोण्यासारखे पडत होते. जुनी प्लेट मी हौद्यात टाकून घरी आणली.

आता यातली गोम. क्लचचे आजार दोन आणि ते एकमेकांच्या उलट. एक म्हणजे क्लच धरत नाही, इंजिनची ताकद चाकांपर्यंत पुरती पोचत नाही. दुसरा म्हणजे क्लच सुटत नाही, पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही. प्लेट झिजली की बहुतेक वेळा पहिला होतो: चढाला वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन ओरडतं, वेग मात्र जागच्या जागी, आणि जळका वास येतो. पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावर गाडी उचलते. सपाट जागी हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडून पाहा. प्लेट धरत असेल तर इंजिन तिथेच बंद पडतं. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. (हँडब्रेक आधी नीट हवा, आणि हा प्रयोग एकदाच करा, नाहीतर चांगली प्लेटही जळेल.)

माझ्या गाडीला यातलं काहीच नव्हतं. भरलेली गाडी त्याच दिवशी सकाळी घाट चढून आली होती! गिअर न पडणं, पेडल मारल्यावर पडणं, हा दुसरा आजार. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा, क्लच असेल तर अशा वेळी आधी संशय घ्यायचा तो मास्टर (पेडलकडच्या) किंवा स्लेव्ह (गिअरबॉक्सकडच्या) सिलिंडरच्या रबराचा, नाहीतर लाइनमध्ये शिरलेल्या हवेचा. बॉनेट उघडून क्लचच्या डबीतलं ऑइल बघा. ब्रेकचे पॅड झिजले की ब्रेकच्या डबीतलं ऑइल खाली जातं. क्लच प्लेट झिजल्याने क्लचचं ऑइल कमी होत नाही. कमी झालंय म्हणजे ते कुठेतरी गळतंय. स्लेव्ह सिलिंडरच्या तोंडावरचं रबरी टोपण मागे सारा. आत ओलं असेल तर आजार तिथेच आहे. रबराची किट काही शेकड्यांत येते आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

पाऊस सुरू व्हायच्या आधीच, साखरप्याच्या पुढे चढाला, भरलेली गाडी घसरायला लागली. जी कधी घसरली नव्हती ती 'नवा' सेट टाकल्यावर! गावच्या मेस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवला. प्लेटची लायनिंग नवी, पण मधल्या हबवर रंगाखाली गंज. म्हणजे जुनी प्लेट रीलायनिंग करून रंगवलेली. प्रेशर प्लेटवर काळा स्प्रे मारलेला, पण मधल्या पाकळ्यांच्या टोकांवर जुन्या बेअरिंगने पाडलेली खाच तशीच. फ्लायव्हीलवर तापल्याचे निळे डाग. लेथला ते लागलेलंच नव्हतं. स्लेव्हचं रबर मात्र कोरं करकरीत. खरा आजार तेवढ्यावर बरा झाला होता आणि बिलात त्याचा उल्लेखही नाही.

मग मेस्त्रींनी हौद्यातली ती जुनी प्लेट मागितली आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टवर चढवायला गेले. चढेचना. हबच्या खाचा वेगळ्या. ती प्लेट माझ्या गाडीत कधी बसलीच नव्हती. माझी मूळ प्लेट कुठे गेली ते त्या गॅरेजलाच ठाऊक.

परत जाऊन विचारलं तर उत्तर, "ओव्हरलोड भरता मालक, प्लेट काय करंल?" शाफ्टचं काढल्यावर आवाज चढला आणि दोघं-तिघं जमले. मी निघून आलो आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. धंद्याची गाडी असेल तर ग्राहक कायदा लागू नाही असं सर्रास सांगतात, पण 2019 च्या कायद्यात स्पष्ट आहे: स्वयंरोजगारातून निव्वळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू 'व्यापारी' कामाची धरली जात नाही. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फीही नाही. अडचण एकच, माझ्या कागदावर ना जीएसटी नंबर ना वेगवेगळ्या रकमा. गावच्या मेस्त्रींकडून काय काय सापडलं ते लिहून, सही घेऊन, फोटोंसकट जोडलंय.

या वेळी सेट मी स्वतः डीलरकडून पक्क्या बिलावर आणला आणि फ्लायव्हील स्वतः लेथवर घेऊन गेलो. तुमचा गिअरबॉक्स उतरला की तिथे हजर राहा, नाहीतर निदान प्लेट काढायच्या आधीचा फोटो मागा. काढलेली प्लेट तुमच्या डोळ्यांसमोर शाफ्टवर सरकवायला सांगा, आणि रिबिटाच्या वर लायनिंग किती उरलंय ते नखाने चाचपून पाहा. साधारण 0.3 मिलीमीटरच्या खाली असेल तर बदलायलाच हवी. जास्त असेल, प्लेट कोरडी असेल, तडे नसतील आणि स्प्रिंगा ढिल्या नसतील, तर 'फुल सेट' कशासाठी हे त्यालाच विचारा, गिअरबॉक्स परत चढायच्या आधी.