ऑपरेटर आधी कोर्सला पाठवावा की कमिशनिंगला उभा करावा?

कांदोळीच्या एका हॉटेलच्या मेंटेनन्स प्रमुखांनी परवा विचारलं, "नवा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्लान्ट) ऑक्टोबरात सुरू होतोय. आयटीआय झालेली दोन पोरं घेतलीत. त्यांना आधी कोर्सला पाठवू की प्लान्टवरच ठेवू?" गोव्यात हॉटेलं, सोसायट्या, पालिका सगळ्यांपुढेच हा प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा कौल कमिशनिंगला, म्हणजे नवा प्लान्ट तपासून पहिल्यांदा चालू करण्याच्या कामाला. कारण ते एकदाच होतं.

आमच्या एका प्लान्टवर फीड पंप तीन दिवस पाणी कमी देत होता. व्हॉल्व्ह तपासले, सक्शन पाइप सोडवून पाहिला. शेवटी नव्या हेल्परने कपलिंगकडे बोट दाखवलं: बाणाच्या उलट फिरतंय. जोडताना दोन फेज अदलाबदल झाले होते. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी देतोच, म्हणून संशय येत नाही. मोटर बसवताना तो पोरगा तिथे होता, बाण त्याने पाहिला होता. आम्ही पाहिला नव्हता.

गाळाचंही तसंच. चालू प्लान्टमधला गाळ, म्हणजे सांडपाण्यातली घाण खाणारे जिवाणू, टँकरने आणून एरेशन टाकीत (जिथे पाण्यात हवा सोडतात) टाकतात. सुरुवातीला वर पांढरा फेस येतो, तो कोवळ्या गाळाचा. पुढच्या काही आठवड्यांत टाकीचा रंग तपकिरी होत जातो. हा बदल रोज डोळ्यांनी पाहिलेला ऑपरेटर पुढे पुन्हा पांढरा फेस दिसला की ओळखतो: गाळ कमी झालाय किंवा भार एकदम वाढलाय.

कमिशनिंगची उणी बाजू मोठी आहे. कंत्राटदाराचा इंजिनिअर घाईत असतो. अडचण तो स्वतः सोडवतो, तुमचा माणूस पाना धरून उभा. म्हणून वर्कऑर्डरमध्येच लिहून घ्या की हस्तांतरणाआधी चालू-बंद, बॅकवॉश (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुणं) आणि वीज गेल्यावर पुन्हा सुरू करणं तुमच्याच ऑपरेटरने करून दाखवायचं.

बिघाडाचा शोध घ्यायला मात्र वर्ग हवाच. एक लिटरचं मोजपात्र घ्या, एरेशन टाकीतलं पाणी भरा, तीस मिनिटं हलवू नका. गाळ 300 मिलीवर बसला आणि एमएलएसएस (लिटरमागे किती मिलिग्रॅम गाळ) 3000 असेल तर एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसून किती मिली जागा घेतो) 100, म्हणजे ठीक. एसव्हीआय 150 च्या वर गेला तर गाळ फुगतोय. पण समजा गाळ छान बसला आणि तासा-दीड तासात गठ्ठ्याने वर आला, तर कारण वेगळं: नायट्रोजनचे बुडबुडे. गाळ सेटलिंग टाकीत फार वेळ पडून राहतोय, तो परत एरेशन टाकीत नेणारा पंप वाढवा. प्लान्टवर दोन्ही वेळा एकच ओरड ऐकू येते, "गाळ वाहून जातोय!" उपाय मात्र निरनिराळे. हा फरक नुसत्या सरावातून क्वचितच कळतो, शिकवावा लागतो.

पिण्याच्या पाण्याचं गणित निराळं. ओपा, अस्नोड्यासारख्या जुन्या केंद्रांवर खरी परीक्षा जूनमध्ये. मृगाचा पाऊस झाला की नदी लाल होते आणि कालची तुरटीची मात्रा आज चालत नाही. तिथे नव्या माणसाला उन्हाळ्यात जार टेस्ट (वेगवेगळ्या भांड्यांत तुरटीची वेगवेगळी मात्रा घालून पाहणं) शिकवा आणि पहिल्या पावसात जुन्या ऑपरेटरच्या शेजारी बसवा.

हॉटेलवाल्यांना मी हेच सांगितलं: ऑगस्टपासून दोघेही साइटवर. पाणी भरून गळती तपासण्यापासून सगळं त्यांच्यासमोर होऊ दे. रोजची वही त्यांनीच लिहायची. नोव्हेंबरात, नाताळची गर्दी सुरू होण्याआधी, ती वही घेऊन कोर्सला. तोवर त्यांच्याकडे स्वतःचे प्रश्न जमलेले असतील.

प्लान्ट आधीपासून चालू असेल आणि जुना ऑपरेटर निघून चालला असेल, तर हा क्रम उलटा करा: आधी कोर्स, मग त्याच्यासोबत निदान महिनाभर. आणि दोघांना एकदम पाठवू नका. टाकीला हवा देणारा ब्लोअर रात्रीही चालतो, एक माणूस जागेवर लागतोच.